ऊसतोडीच्या कोप्यांवर चालेल असं कापडी पॅड : कामाच्या नोंदी

धुऊन पुन्हा वापरायचं पॅड, कोपीवर (ऊसतोड मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीत) वापरता यावं असं. वापरणाऱ्या बायका हंगामाला कोल्हापूर जिल्ह्यात येणाऱ्या ऊसतोड टोळ्यांमधल्या, शिवणारा बचत गट करवीर तालुक्यातला. ज्यांना फक्त मापं हवीत त्यांनी १६ सप्टेंबर, २३ सप्टेंबर आणि ४ ऑक्टोबर या तीन नोंदी वाचाव्यात, आणि पंखाच्या मापात नंतर झालेल्या बदलासाठी १२ डिसेंबरची. बाकीच्या नोंदी काय बिघडलं आणि का, याच्या आहेत.

९ जुलै

पहिला नमुना बाजारात मिळतात तसा, सगळे थर एकत्र शिवलेला. वर फलालीन, मध्ये टर्किश टॉवेलचे चार थर, त्याखाली पीयूएल (एका बाजूला पातळ जलरोधक थर चिकटवलेलं पॉलिएस्टर), सगळ्यात खाली साधं सुती. लांबी २६ सेंमी, बाजूला पंख, पंखांना टिच बटण.

शोषणाची चाचणी घरच्या साहित्यात होते. सॅनिटरी नॅपकिनचं जुनं भारतीय मानक, आयएस ५४०५, ३० मिली द्रव मिनिटाला १५ मिली या वेगानं मध्यभागी सोडायला सांगतं. मग त्या जागेवर १ किलो वजन एक मिनिट ठेवायचं आणि खालून-बाजूनं ओल आली का ते बघायचं. १० मिलीची सुई नसलेली सिरिंज, रंग टाकलेलं पाणी आणि मिठाचा १ किलोचा पुडा, एवढ्यात भागतं. पुड्याखाली प्लास्टिक घालावं. पाण्यापेक्षा रक्त दाट असतं, त्यामुळे ही चाचणी पास झाली म्हणजे सगळं झालं असं धरू नये. नापास झाली तर मात्र नमुना बाजूलाच ठेवावा.

हा नमुना पास झाला. ओल कुठंच नाही.

१३ जुलै

तोच नमुना धुऊन वाळवला आणि तिथं अडला. कोरडं वजन ४० ग्रॅम, हातानं घट्ट पिळल्यावर ८६. बाहेर पावसाची झड, म्हणून खोलीत दोरीवर टाकला. २४ तासांनी ५९ ग्रॅम, ४८ तासांनी ४६, आणि तोवर कुबट वास. वरचं फलालीन हाताला कोरडं लागतं, पण आतला टॉवेल ओलाच असतो. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा नसता तर हा नमुना दुसऱ्या दिवशीच ‘वाळला’ म्हणून घडी करून ठेवला गेला असता. कापडी पॅड शिवणाऱ्या प्रत्येकानं काटा वापरावा. कोरड्या वजनाच्या १ ग्रॅम आत आल्याशिवाय वाळलं म्हणू नये.

हंगाम थंडी-उन्हाळ्यातला, मग चाचणी जुलैत कशाला, असा प्रश्न गटात निघाला. कोपीवर पाळीचा कपडा उघड्या दोरीवर जात नाही. तो कोपीच्या आत, नाहीतर साडीच्या किंवा गोधडीच्या खाली वाळत घातला जातो. तिथं ऊनही नाही आणि वाराही नाही. पहाटे चार-पाचला फडात गेलेली बाई दिवस कलताना परत येते, मध्ये कपडा उलटायला कुणी नसतं. कोल्हापूरच्या जुलैतल्या बंद खोलीत जे वाळेल तेच तिथं वाळेल, असं धरून पुढचं काम केलं.

१८ जुलै

तीन पर्याय एकाच वेळी दोरीवर.

पहिला, टॉवेलचे थर एका कडेलाच शिवलेले, म्हणजे धुताना जिभेसारखे बाहेर काढता येतात. ३० तासांनी कोरडा, पण शिवणीची कड दमट.

दुसरा, आतला भाग पूर्ण सुटा, चार थरांचा, चारी बाजूंनी शिवलेला. त्यालाही दीड दिवस लागला.

तिसरा, एकेरी फलालीनचा चौकोन, कुठंही जोड नाही, वापरताना घडी घालायची आणि वाळवताना पूर्ण उलगडायचा. संध्याकाळी टाकला, सकाळी कोरडा. काट्यावरही कोरडा.

एकेरी चौकोनाचा आणखी एक गुण: तो दोरीवर रुमालासारखा दिसतो. लपवायची गरज उरली नाही की तो उघड्यावर जातो, उघड्यावर गेला की तासा-दोन तासांत वाळतो. इथून पुढे रचना ठरली. जलरोधक ‘होल्डर’ वेगळा, शोषणारी ‘घडी’ वेगळी. रक्त घडीत राहतं, होल्डर बहुतेक वेळा नुसता पुसून किंवा विसळून चालतो. पीयूएल वारंवार उकळलं तर त्याचा थर सुटतो, फलालीन मात्र उकळलेलं चांगलं. दोन्ही एकत्र शिवले तर दोघांपैकी एकाचं नुकसान ठरलेलं.

२७ जुलै

कापड खरेदी. इचलकरंजीहून मागावरचं कोरं सुती घेतलं, मीटरला स्वस्त पडतं म्हणून. फलालीन कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या घाऊक बाजारातून, रुंदी ४४ इंच, १२० रुपये मीटर.

थेंबाची चाचणी: कापड वाडग्यावर ताणून धरायचं आणि एक थेंब पाणी सोडायचं. पाच सेकंदांच्या आत जिरलं पाहिजे. इचलकरंजीच्या कापडावर थेंब मोत्यासारखा उभा राहिला, बोटानं हलवला तर घरंगळला. मागावर ताण्याला (उभ्या धाग्यांना) खळ लावलेली असते आणि कापसाचा स्वतःचा मेणचटपणाही असतो. दोन्ही निघेपर्यंत ते कापड शोषत नाही. नव्या फलालीनवरही थेंब अर्धा मिनिट टिकला. ‘शुद्ध सुती आहे, शोषणारच’ असं म्हणून दुकानातून थेट कातरीखाली घेतलेलं पॅड पहिल्या पाळीला गळतं आणि बाई परत त्याला हात लावत नाही.

५ ऑगस्ट

खळ काढणं. रात्रभर कोमट पाण्यात भिजवून सकाळी ते पाणी ओतून द्यायचं. मग लिटरला २० ग्रॅम धुण्याचा सोडा (खायचा सोडा चालत नाही) घालून तासभर उकळायचं. ५ मीटर कापडाला २० लिटर पाणी आणि ४०० ग्रॅम सोडा लागला. मध्ये काठीनं उलटत राहायचं, नाहीतर घडीच्या आत पट्टे राहतात. नंतर तीन पाण्यांतून खळबळून काढायचं. पाणी हाताला बुळबुळीत लागायचं थांबलं की पुरे.

जर्मनच्या पातेल्यात हे करू नये. सोडा ते खातो, पातेलं काळं पडतं आणि तो काळपटपणा कापडाला लागतो. लोखंडी काहिलीत गंजाचे डाग येतात. स्टीलचं मोठं भांडं मंडपवाल्याकडून भाड्यानं मिळतं.

उकळल्यावर फलालीनवर थेंब लगेच जिरला. इचलकरंजीचं कापडही शोषायला लागलं, पण वीण घट्ट असल्यानं द्रव आडवा पसरत जातो, आत धरला जात नाही. म्हणून ते घडीसाठी बाद. होल्डरच्या बाहेरच्या थराला आणि बदललेली घडी ठेवायच्या पिशवीला मात्र उत्तम, शिवायला सरळ आणि टिकाऊ.

कपडे मऊ करणारं द्रव कुठल्याही टप्प्यावर वापरू नये, धाग्यावर त्याचा थर बसतो आणि शोषण पुन्हा जातं.

१९ ऑगस्ट

पीयूएल कोल्हापुरात दुकानावर मिळत नाही, मुंबईहून मागवावं लागतं. ३६० रुपये मीटर, रुंदी ६० इंच. एवढे पैसे वाचवता येतात का, हे बघायला स्वस्त पर्याय:

छत्रीचं कापड. थेंब वरच थांबतो, पण १ किलोच्या वजनाखाली मिनिटभरात मागून ओल येते. पावसाचं पाणी घसरून जावं यासाठी ते बनलेलं आहे, दाबाखाली अडवण्यासाठी नव्हे.

टेबलावर घालायचं प्लास्टिक. गळत नाही. पण घाम आत साचतो, चालताना आवाज येतो, घडीच्या जागी थोड्याच धुण्यांत तडा जातो.

रेक्झिन. जाड, कड मांडीला कापते.

पीयूएलच घ्यायचं ठरलं. मात्र पंखांसकट पूर्ण आकारात कापलं तर मीटरमधून १८ तुकडे निघतात, म्हणजे नगाला २० रुपये. पंखांना त्याची गरज नाही. नुसती ११ सेंमी रुंद, ३० सेंमी लांब पट्टी घातली तर मीटरमधून ३९ निघतात, नगाला साधारण सव्वानऊ. पट्टी दोन्ही बाजूंनी पंखाच्या मुळाशी सेंटिमीटरभर आत जाते. त्यानं गळतीत फरक पडला नाही.

२ सप्टेंबर

होल्डर कडेनं ओला. कापड कुठंही फाटलेलं नाही, पीयूएल शाबूत. भिंग लावून बघितलं तर ओल नेमकी टिपेवरून चाललेली. कारणं तीन निघाली.

दोरा सुती होता. सुती दोरा वातीसारखा द्रव ओढतो आणि पीयूएल ओलांडून बाहेर नेतो. पॉलिएस्टर दोरा घातल्यावर हे थांबलं.

टाचण्या. पीयूएलला पडलेलं भोक बुजत नाही. टाचणीऐवजी कपड्याचे छोटे चिमटे लावावेत, आणि टाचणी लागलीच तर कडेच्या शिवणभत्त्यातच (शिवणीच्या बाहेर सोडलेल्या जास्तीच्या कापडात).

सुई जाड. १६ नंबरनं मोठी भोकं पडतात, ११ नंबर घ्यावी. टाका ३ मिमी ठेवावा, बारीक टाक्यानं पीयूएल तिकिटासारखं भोकाभोकांवर फाटतं.

शिवताना पीयूएलची चकचकीत बाजू मशीनच्या पायाला चिकटते आणि टाके एका जागी गोळा होतात. ती बाजू खाली ठेवावी, किंवा वर बटर पेपरची पट्टी ठेवून शिवावं आणि नंतर फाडून काढावी. होल्डरच्या मधोमध शोभेची किंवा थर धरून ठेवायची टीप मारू नये. तिथली प्रत्येक टीप ही गळतीची वाट आहे.

१६ सप्टेंबर: होल्डरची मापं

पुठ्ठ्याचा साचा: लांबी ३० सेंमी, मधली पट्टी ११ सेंमी रुंद, पंखांसकट मधली रुंदी २३, पंखाचं मूळ १० सेंमी लांब. यात चारी बाजूंनी १ सेंमी शिवणभत्ता धरलेला आहे. तयार माप २८ बाय ९, पंखांसकट २१.

सुती तुकडे दोन. पीयूएलची पट्टी एक. खिशांना सुती तुकडे दोन, ११ बाय १४, मध्ये दुमडून ७ सेंमी खोल.

क्रम: पीयूएल खालच्या तुकड्याच्या उलट बाजूला कडेनं कच्चं टाचायचं, चकचकीत बाजू आत. वरच्या तुकड्याच्या सुलट बाजूवर दोन्ही टोकांना खिसे ठेवायचे, दुमड मध्याकडे. दोन्ही तुकडे सुलट बाजू समोरासमोर ठेवून कडेनं शिवायचे, एका पंखाला ५ सेंमी उघडं सोडायचं. वळणांवर कातरीनं छोटे काप द्यायचे, नाहीतर उलटल्यावर चुण्या पडतात. उलटायचं, उघडी जागा बंद करून पूर्ण कडेनं ४ मिमी आत टीप मारायची.

सरावलेल्या हाताला एक होल्डर २० ते २५ मिनिटं. कापणं एकीनं आणि शिवणं दुसरीनं केलं तर वेळ बराच वाचतो.

२३ सप्टेंबर

पंखांचं पॅड निकर घातली तरच बसतं. साडी-परकरावर निकर न घालणाऱ्या बायका टोळ्यांमध्ये पुष्कळ आहेत. ही गोष्ट पॅड वाटणाऱ्यांच्या लक्षात येत नाही, मग पाकिटं तशीच पडून राहतात आणि दोष बायकांच्या ‘जागृती’ला दिला जातो. निकर पाकिटात घालायची तर दोन नगांचे किमान ८०-१०० रुपये वाढतात.

पर्याय पट्ट्याचा. होल्डरच्या दोन्ही टोकांना सपाट कडी शिवायची, २.५ सेंमी रुंद सुती पट्टीची. कमरेला नाडी. पुढून ८० सेंमी आणि मागून ९० सेंमी पट्टी कडीतून ओवून दुहेरी वर घ्यायची आणि नाडीला बांधायची. गाठ कमरेवर, बाजूला घ्यावी. खाली कडीपाशी बांधली तर बसल्यावर रुतते. इलॅस्टिक टाळलं: उकळलं की ढिलं पडतं, आणि घामात चामडी काढतं.

कडी सगळ्याच होल्डरना लावली. निकरवाल्या बायका पंख वापरतील, बाकीच्या पट्टा. एकच साचा, एकच शिलाई.

४ ऑक्टोबर: घडीची मापं

फलालीन आधी उकळायचं, मग कापायचं. ११२ सेंमी रुंदीचं १०६ झालं आणि १० मीटरचं ९ मीटर ४० सेंमी. आधी कापलं असतं तर प्रत्येक चौकोन वाकडा झाला असता, कारण ताणा आणि बाणा सारखे आटत नाहीत.

चौकोन मुळात २८ सेंमीचा धरला होता. पण १०६ मध्ये २८ चे तीनच बसतात आणि २२ सेंमीची पट्टी वाया जाते. २६ चे चार बसतात. २६ घेतलं. १० मीटरमधून ३६ ओळी, म्हणजे १४४ घड्या. एका घडीला ८ रुपये ३३ पैशांचं कापड.

कडेला ओव्हरलॉक. दुमडून शिवली तर कडेला तीन थर होतात आणि वाळायला तीच कड उशीर लावते. ओव्हरलॉक मशीन नसेल तर जवळच्या शिलाई कारखान्यातून नगावर करून मिळतं.

वापरताना चौपदरी लांब घडी, रुंदी साडेसहा सेंमीच्या आत, दोन्ही टोकं खिशात. एका घडीनं २० मिलीपर्यंत निभावलं. ३० मिलीला वजनाखाली बाजूनं ओल आली, दोन घड्या एकावर एक ठेवल्यावर आली नाही. पूर्ण पाळीत जाणारं रक्त सरासरी ३० ते ४० मिली असतं, ८० च्या वर गेलं तर ते जास्त समजतात. म्हणजे साध्या दिवसाला एक घडी, अंगावर जास्त जाणाऱ्या दिवसाला आणि रात्रीला दोन.

११ ऑक्टोबर

रंग. पांढरा नको, डाग दिसतात आणि बाई ते दोरीवर टाकत नाही. काळाही नको, नीट धुतलं गेलं की नाही ते कळत नाही. मरून, गडद निळा किंवा चौकडी बरी. गडद स्वस्त फलालीन रंग सोडतं: ओल्या पांढऱ्या फडक्यानं वीस वेळा घासून बघावं. फडकं रंगलं तर तो ठाण परत करावा. मिठात भिजवून रंग पक्का होतो म्हणतात, झाला नाही. तुकडा घेऊन चाचणी करूनच ठाण उचलावा.

२० ऑक्टोबर: खर्च

एका पाकिटात २ होल्डर, ८ घड्या, पट्टा, पिशवी.

होल्डर: पीयूएल ९, सुती ९, टिच बटण दीड, दोरा आणि कडी अडीच, शिलाई मजुरी १५. एकूण ३७, दोनचे ७४.
घड्या: कापड आणि ओव्हरलॉक मिळून नगाला १० रुपये ३३ पैसे, आठचे ८३.
पट्टा आणि पिशवी २०. सोडा, सरपण, भांड्याचं भाडं ६.
पाकीट १८३ रुपये. कापणाऱ्या बाईची मजुरी यात नाही, ती धरावी. गटानं धरली नाही आणि दुसऱ्या खेपेला कापायला कुणी पुढे आलं नाही.

सॅनिटरी पॅडवरचा जीएसटी जुलै २०१८ पासून शून्य आहे. पण पीयूएल, दोरा, बटण यांच्यावर तो आहेच, आणि तयार माल करमुक्त असल्यानं भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. लहान गटाला ही रक्कम किमतीतच सोसावी लागते.

स्वस्ताईचा हिशोब सरळ मांडलेला बरा. जनऔषधी केंद्रातलं ‘सुविधा’ पॅड २०१९ पासून एक रुपयाला मिळतं. पाळीला १२ लागले तर १२ रुपये, आणि १८३ रुपयांचं पाकीट वसूल व्हायला सव्वा वर्ष. दुकानातल्या पाच-सहा रुपयांच्या पॅडशी तुलना केली तर तीन पाळ्यांत. जिथं जनऔषधी केंद्र चालत जाण्याच्या अंतरावर आहे तिथं एक रुपयाचं पॅड नाकारायचं कारण नाही. कोपीवरून ते केंद्र शहरात किंवा तालुक्याच्या गावी असतं आणि जायला एक खाडा पडतो. शासनाच्या बाकीच्या योजना शाळा आणि आशाताईंच्या गावयादीवर चालतात. २०१८ च्या अस्मिता योजनेत जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलीला ८ पॅड ५ रुपयांना होते. आईबापांबरोबर फडावर आलेली तेरा-चौदा वर्षांची मुलगी दोन्ही याद्यांच्या बाहेर असते.

पाकीट विकायचं असेल तर आयएस १७५१४ हे २०२१ चं मानक आधी वाचून घ्यावं, ते पुनर्वापराच्या पॅडसाठीच आहे.

२४ नोव्हेंबर

टोळ्या उतरल्या. वाटप दुपारी करायचं नाही, बायका फडात असतात. मुकादमासमोर तर नाहीच. संध्याकाळी चूल पेटवायच्या आधीचा अर्धा तास मिळतो, तोही पुरुष गाडीपाशी असतील तर. गावातल्या अंगणवाडीताई बरोबर असल्या की बोलणं सोपं होतं.

दाखवायचं ते हातात घेऊन, परकरावरून. चित्राच्या पत्रकाचा उपयोग झाला नाही. घडी कशी घालायची हे एकीनं दुसरीला शिकवलं ते जास्त टिकलं. ‘पिशवी कशाला, वल्लं त्यात कोंबलं जाईल’ असं एका जाणत्या बाईनं पहिल्याच दिवशी सांगितलं. तिचं खरं ठरलं, पुढे नोंद आहे.

३० नोव्हेंबर: धुणं

कोपीवर पाणी शेतकऱ्याच्या मोटरीवर किंवा कॅनॉलवर, हंड्यानं आणलेलं. दोन घड्यांना ४ लिटरमध्ये बसवलं. १ लिटर गार पाण्यात आधी पिळून काढायचं. गरम पाणी पहिल्यांदा घातलं तर रक्त धाग्यात गोठतं आणि डाग कायमचा बसतो. दीड लिटरमध्ये साध्या वडीच्या साबणानं, दीड लिटरमध्ये खळबळून. झाकणाची ५ लिटरची बादली द्यावी, रात्री भिजत ठेवून पहाटे धुता येतं. एका रात्रीपेक्षा जास्त भिजवू नये. पिळलेलं पाणी कॅनॉलमध्ये सोडू नये, कडेच्या मातीत जिरवावं.

१२ डिसेंबर: तक्रारी

टिच बटणं गंजली. धातूचं बटण घाम, साबण आणि ओल यात तीन आठवडेही टिकलं नाही, आणि गंजाचा डाग जात नाही. प्लास्टिकची टिच बटणं लावली, त्यांना वेगळी पक्कड लागते. बटणाच्या मागे कापडाचा छोटा गोल तुकडा ठेवावा, नाहीतर ओढल्यावर बटण कापडातून निसटून येतं.

काचणं. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढताना मांडी होल्डरच्या कडेवर घासते. कडेच्या शिवणभत्त्याचा जाडसर काठ तिथं येत होता. उलटण्याआधी शिवणभत्ता ४ मिमीवर छाटला आणि पंखाचं मूळ १० वरून ८ सेंमी केलं, मग तक्रार बंद झाली. पॉलिएस्टर दोऱ्याची टोकंही टोचतात. ती कापून न सोडता सुईनं आत घालावीत. मेणबत्तीवर जाळून टाकायची सवय शिवणाऱ्यांना असते, त्याचा कडक मणी होतो आणि तोच टोचतो.

घड्या मऊ म्हणून तान्ह्या लेकरांच्या अंगाखाली गेल्या. त्यावर बोलण्यासारखं काही नाही. लेकरू असलेल्या बाईला चार घड्या जास्त द्याव्यात.

६ जानेवारी

पिशव्यांत बुरशी. फडात बदललेली घडी दिवसभर पिशवीत, संध्याकाळी विसरली, दुसऱ्या दिवशी काळे ठिपके. बुरशीचा ठिपका आला की ती घडी टाकून द्यावी, उकळूनही भरवसा नाही. पिशवीला आतून पीयूएल लावलं होतं, तेच कारण. आता पिशवी नुसत्या सुती कापडाची, त्यात बदललेली घडी कोरड्या घडीत गुंडाळून ठेवायची. पैसेही वाचले.

फडात बदलणं या रचनेत सोपं जातं. होल्डर काढावा लागत नाही, घडी ओढून काढायची आणि दुसरी सारायची. उभ्या उसाचा आडोसा तेवढ्याला पुरतो.

मासिक पाळीचे कप सुचवले गेले. स्वस्त पडतात आणि वर्षानुवर्षं टिकतात, हे खरं. पण हात धुवायला पाणी, कप उकळायला वेगळं भांडं आणि एकांत, तिन्ही लागतात, आणि तांबी बसवलेल्या बाईनं आधी डॉक्टरांना विचारलं पाहिजे. कोपीवर सध्या नाही.

ज्या बायकांना अंगावरून खूप जातं, गाठी पडतात, दोन घड्या दोन तासांत भिजतात, त्यांना पॅड बदलून देण्यानं काही होत नाही, तपासणी लागते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांसाठी २०१९ साली राज्य सरकारला समिती नेमावी लागली होती. अशा बाईला सरकारी दवाखान्यात पाठवताना सोबत कुणीतरी जावं आणि त्या दिवसाच्या खाड्याबद्दल मुकादमाशी आधी बोलून घ्यावं. एकटीला नुसतं ‘जा’ म्हटलं तर ती जात नाही.

१७ फेब्रुवारी

परत आलेल्या होल्डरची तपासणी. गळणारे बहुतेक चुलीच्या उष्णतेनं गेलेले: वाळवायला चुलीच्या कडेला ठेवले, पीयूएलला बुडबुडे आले. दुरुस्ती होत नाही, पट्टी नवीन घालावी लागते, म्हणून एका पंखाची उघडी जागा शेवटी हातशिलाईनं बंद करायची ठरवलं. तिथून उसवून पट्टी बदलता येते, बाकी होल्डर तसाच.

घड्या चांगल्या आहेत. फलालीनची लव गेली, पण थेंब अजून लगेच जिरतो. वापरल्या घड्यांचं शोषण नव्यापेक्षा बरं निघालं, खळीचा उरलासुरला अंश धुण्यांत गेल्यामुळे.

५ मार्च

फड उरकत आलेत, टोळ्या परतायच्या आत प्रत्येक पाकिटात दोन घड्या, एक सुटी पीयूएल पट्टी आणि पॉलिएस्टर दोऱ्याची छोटी रीळ घातली. गावी शिलाई मशीन असलेली बाई जवळपास सापडते, पीयूएल सापडत नाही.

पुढच्या हंगामासाठी पीयूएल ऑगस्टच्या आत मागवावं. फलालीन मे महिन्यात उकळून घ्यावं, पावसाळ्यात ठाणच्या ठाण वाळत नाहीत. कापणीची मजुरी होल्डरमागे ३ रुपये धरून पाकीट आता १९० च्या आसपास जाईल.